पहिलं पॅकेज सोडा, पंधरा वर्षांनी विद्यापीठाचं काय उरलं ते सांगा

बुरेटवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायला बसलोय कारण घरात वाद पेटलाय. बहिणीचा मुलगा तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी केमिस्ट्री झाला, आता पुढे काय. पर्याय दोन. एक म्हणजे आपल्या सरकारी विद्यापीठाच्या कॅम्पसवर एमएस्सी, फी वर्षाला काही हजार, हॉस्टेल मिळालं तर मिळालं. दुसरा, शहराबाहेर नवीन झालेली एक खासगी युनिव्हर्सिटी, वर्षाला एक लाख ऐंशी हजार, काचेची बिल्डिंग, आणि त्यांचा माणूस रोज न चुकता फोन करतो की सर हंड्रेड परसेंट प्लेसमेंट असिस्टन्स आहे. (असिस्टन्स हा शब्द तो हळू आवाजात म्हणतो.) दाजी म्हणतात कर्ज काढू पण तिकडेच घालू, सरकारीतून बाहेर पडलेल्या पोराला कुत्रं विचारत नाही.

आता मी स्वतः सरकारीतूनच बाहेर पडलेला, त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतो, तर काय बोलणार.

खरं सांगायचं तर पहिल्या नोकरीवर मोजलं तर दाजी बरोबरच आहेत. मी २००६ ला एमएस्सी झालो आणि वाळूजला एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, लागलो, पगार साडेचार हजार, तीन शिफ्ट. आज त्याच लाइनमध्ये क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता विभागाचा, हेड आहे. तर मधल्या वर्षांत कामाला काय आलं? सिलॅबस तर नाही आला, आम्ही जी उपकरणं पुस्तकात वाचली ती पहिल्यांदा कंपनीतच पाहिली.

कामाला आले ते एक सर. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशनची तीन रीडिंग जुळली नाहीत तर जर्नलवर सही नाही. मग पोरं काय करायची, पहिलं रीडिंग खरं घ्यायची, समजा ९.८, आणि पुढची दोन तशीच ९.८, ९.८ लिहून मोकळी. सर जर्नलकडे बघायचेच नाहीत. बुरेटकडे, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीकडे, बघायचे, मग शेजारची बाटली उचलून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "तीनदा ९.८ म्हणजे तीस मिलीच्या आसपास गेलं ना रे, मग बाटली भरलेली कशी?" आणि खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लावला की जर्नल तोंडावर परत. आम्ही त्यांना काय काय नावं ठेवली होती ते इथे लिहिता येणार नाही.

पुढे परदेशी ऑडिटर लॅबमध्ये आला आणि त्याने आधी काय बघितलं तर कचऱ्याचा डबा. चिठोऱ्यावर लिहिलेली रीडिंग शोधत होता. मला घाम फुटला नाही, कारण वीस वर्षांच्या वयापासून चिठोऱ्यावर लिहायची सवयच नव्हती. आजकाल याला डेटा इंटिग्रिटी म्हणतात आणि त्याच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला लोक पैसे भरतात.

तर माझा प्रश्न. सरकारी विद्यापीठातून बाहेर पडून ज्यांना दहा-पंधरा वर्षं झाली त्यांनीच सांगा, पहिली नोकरी सांगू नका, पुढे काय कामाला आलं ते सांगा. आणि काहीच नाही आलं तर तेही सांगा, दाजींना दाखवायचंय.

निम्मी_पेठकर

मस्त धागा. मी पुणे विद्यापीठाची बीकॉम. सर्टिफिकेट लॅमिनेट करून फाइलमध्ये आहे, त्याचा उपयोग तेवढाच.

पण त्याच पुणे विद्यापीठाचं फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथे परकीय भाषांचा विभाग आहे. मी दुसऱ्या वर्षाला असताना मैत्रिणीबरोबर फॉर्म भरायला गेले, तिला जर्मन करायचं होतं, मी आपली सोबत म्हणून. फी इतकी कमी होती की बाबांनी कारणही नाही विचारलं. मैत्रिणीने दोन महिन्यांत सोडलं आणि मी चिकटले. आमच्या मॅडम डेर-डी-डास (जर्मनमध्ये नामाआधी लिंगाप्रमाणे येणारे शब्द) चुकलं की वाक्य पूर्ण करू द्यायच्या नाहीत, तिथेच थांबवायच्या, वर्गात तीस जण आणि तुम्ही अर्ध्या वाक्यात उभे.

२००५ पासून टेक्निकल भाषांतर करतेय. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने आले तसं काम वाढतच गेलं, मशीनची मॅन्युअल्स, सेफ्टीच्या सूचना, करार. आता एआय कच्चा मसुदा देतं आणि मी तपासते, तिथेही तेच डेर-डी-डास. म्हणजे मला विद्यापीठाने जे दिलं ते डिग्रीच्या दारातून नाही, बाजूच्या खिडकीतून दिलं.

गप्प_बसा

वाचतोय. पॉपकॉर्न आणतो.

चिकित्सक_चिंगी

धागाकर्ते, तुम्ही क्यूएवाले, तुम्हाला सॅम्पलिंग शिकवायला नको. जे पुढे गेले त्यांनाच विचारताय की तुम्ही पुढे कसे गेलात. जे राहिले ते इथे येऊन लिहिणार आहेत का?

माझं सांगते. बीए, समाजशास्त्र, जिल्ह्याच्या गावी, वर्गात हजेरीपटावर बहात्तर. व्हॉट्सॅप ग्रुपवर आज एक्केचाळीस. त्यातल्या पोरींची निम्मी लग्नं तिसऱ्या वर्षाच्या निकालाआधीच लागली, डिग्री म्हणजे बायोडेटातली एक ओळ. पोरांमध्ये चार जण पोलीस, दोन शिक्षक, एक ग्रामसेवक, बाकी विमा एजंट, मेडिकलच्या दुकानात, शेती, आणि तिघं अजून "तयारी" करतात, वय वर्षं छत्तीस. आम्हाला बुरेटकडे बघणारे सर नव्हते. आम्हाला होते ते गाइड, पंचवीस अपेक्षित प्रश्नांचे, परीक्षेच्या आदल्या रात्री पानं फाडून वाटून घ्यायचो. तीन वर्षांत एक निबंध स्वतःच्या शब्दांत लिहायची वेळ आली नाही हो कुणावर, एक सर्व्हे नाही, समाजशास्त्र शिकलो आणि शेजारच्या वस्तीत जाऊन चार माणसांशी बोललो नाही.

तुमचे सर चांगले होते, मान्य. पण तुम्हाला सर मिळाले हा तुमचा मटका लागला. विद्यापीठाने मुद्दाम ठरवून तसं काय केलं ते सांगा.

बुरेटवाला

चिंगीताई, सॅम्पलिंगचा बाण बरोबर बसला. माझ्याही बॅचचे सगळे कुठे आहेत ते मला माहीत नाही. मटका हा शब्द मात्र डोक्यात राहील.

कट्ट्यावरचे_काका

चिंगीच्या प्रश्नाला थोडा इतिहास. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये, कलकत्ता आणि मद्रासबरोबर, आणि नमुना घेतला त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचा. म्हणजे काय, तर शिकवणार कॉलेजं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदव्या देणार. स्वतःचे शिकवणारे विभाग यायला साठ वर्षं गेली, समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडेस यांनी उभा केलेला. पुढे पुणं १९४९, मराठवाडा १९५८, कोल्हापूर १९६२, सगळ्यांनी मूळ ढाचा तोच उचलला. त्यामुळे आपल्याकडे "विद्यापीठात शिकलो" म्हणणाऱ्या बहुतेकांनी विद्यापीठ पाहिलेलंच नसतं, त्यांनी पाहिलेलं असतं एक कॉलेज आणि एक मार्कशीट.

म्हणून एक करा, कॅम्पसवरचे विभाग आणि संलग्न कॉलेजं यांची तुलना एकाच तागडीत करू नका. बुरेटवाल्यांच्या भाच्याचा प्रश्न कॅम्पसचा आहे, चिंगीचा अनुभव कॉलेजचा आहे.

बुरेटवाला

काका, पण सर तर माझे कॉलेजातलेच होते, कॅम्पसवरचे नाही!

कट्ट्यावरचे_काका

बरं मग मी परत चहा टाकतो.

माटुंगा_रोड

मुद्दाम ठरवून केल्याचं एक उदाहरण आहे आणि ते सरकारीच आहे. यूडीसीटी, म्हणजे माटुंग्याची केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था. आता लोक आयसीटी म्हणतात आणि वेगळं अभिमत विद्यापीठ आहे, पण ते झालं २००८ ला. १९३३ ला सुरू झालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाचा एक विभाग होतं, बास. सुरुवातीला विषय दोनच, टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनीअरिंग, कारण मुंबईत गिरण्या होत्या आणि गिरण्यांना रंगारी हवे होते, रंगारी म्हणजे रंगाचं रसायन कळणारा माणूस. गरज समोर धूर ओकत उभी होती.

शास्त्रज्ञ माशेलकर तिथले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेला मूळचा गोव्याच्या माशेलचा मुलगा. घरडा केमिकल्सवाले घरडा तिथले. रेड्डीज लॅबवाले अंजी रेड्डी तिथले. मुकेश अंबानीही तिथलेच, ते नाव घेतलं की लोक ऐकतात म्हणून घेतलं. पण मोठी नावं सोडा. मी १९९८ ची बॅच, साधा प्रोसेस इंजिनीअर, सत्तावीस वर्षांत कधी घरी बसलो नाही. कारण सांगू? होम पेपर. शेवटच्या वर्षाला एक केमिकल देणार आणि म्हणणार याचा प्लांट काढ. कच्चा माल कुठून आणणार, वाफ किती लागणार, पंप कोणता, सांडपाण्याचं काय करणार, खर्च किती. गाइड नाही, अपेक्षित प्रश्न नाहीत. तोंडी परीक्षेला मला विचारलं, "तुझा रिअॅक्टर दुसऱ्या मजल्यावर का आहे?" मी म्हणालो सर चित्रात बरं दिसतं. पुढचा अर्धा तास काय झालं ते विचारू नका. त्यानंतर आयुष्यात कुठलीही वस्तू "बरं दिसतं" म्हणून कुठे ठेवली नाही.

आणि शिकवणारे लोक कारखान्यांना सल्ले देत फिरायचे, एम. एम. शर्मांसारखे, त्यामुळे वर्गात जो प्रश्न यायचा तो मागच्या आठवड्यात कुठल्यातरी प्लांटला पडलेला असायचा. सिलॅबस कितीही जुना असू दे मग.

चिकित्सक_चिंगी

@माटुंगा_रोड, हे पटलं. पण हे बीए समाजशास्त्राला कसं लावायचं?

माटुंगा_रोड

ते तुम्हीच वर सांगितलंत की. शेजारच्या वस्तीत जाऊन चार माणसांशी बोलायचं. त्यालाही होम पेपरच म्हणायचं.

शिरोलीचा_तात्या

कोल्हापूरकडनं लिहितोय. आमचं जरा येगळं आहे मंडळी, आम्हाला सिलॅबस-फिलॅबस नंतर, आधी जेवायचा प्रश्न. घरची दीड एकर, तीपण पाण्याखाली जाणारी. शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका होतं म्हणून एमए झालो, नाहीतर पंधरा दिवसांत गावाकडं परत. रोज तीन तास काम. मला ग्रंथालय मिळालं. दाखल नोंदवही घेऊन रॅकमधनं फिरायचं, नंबर वाचायचा, पुस्तक जागेवर आहे का बघायचं, नसलं तर लाल पेनानं खूण. सहा महिन्यात लई वैतागलो, म्हटलं हे काय गाढवकाम.

आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत स्टोअर आणि परचेस बघतोय. वर्षाअखेरीला स्टॉक घेताना स्क्रॅप, पिग आयर्न, फेरो सिलिकॉन, सगळं रजिस्टरशी ताडून. मालक म्हणतो तात्या तुला कुणी शिकवलं, मी म्हणतो पुस्तकांनी. न वाचलेल्या.

पण खरी गोष्ट दुसरीच हाय. आमच्या खोलीत आणि शेजारच्या दोन खोल्यांत मिळून अकरा जण होतो. एक आज तलाठी, एक वकील, एक गोकुळ शिरगावला स्वतःचं मशीन शॉप टाकून बसलाय, एक हायस्कूलला. माझी तिसरी नोकरी ह्यातल्याच एकाच्या फोननं लागली, पोरीच्या ॲडमिशनला दुसऱ्याचा फोन, आईच्या ऑपरेशनला तिसरा रक्त द्यायला. शहरातली माणसं ह्याला नेटवर्किंग म्हणत्यात आणि त्यासाठी कोट घालून हॉटेलात जात्यात. आम्ही एका बादलीत कपडे भिजवून केलं. भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत काढली तेव्हापासनं ही वाट आहे, म्हणून आमच्यासारखे शिकले. खासगीत वर्षाला पावणेदोन लाख भरणाऱ्या पोराच्या शेजारी कोण बसणार? दुसरं पावणेदोन लाख भरणारंच की.

निम्मी_पेठकर

तात्या, "न वाचलेल्या पुस्तकांनी" __/\__

गडद_शाई

तात्यांचं वाचून भरून आलं वगैरे ठीक आहे पण मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवतो, मला थोडं मीठ टाकू द्या.

नेट झालं, सेट झालं (दोन्ही प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, सेट म्हणजे आपली महाराष्ट्र-गोव्याची, पुणे विद्यापीठ घेतं ती), पीएचडी झाली, हे माझं सीएचबीचं अकरावं वर्ष. सकाळी एका कॉलेजात दोन तास, मग बाइकवर बावीस किलोमीटर, दुपारी दुसऱ्या कॉलेजात तीन. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. कायम जागा भरल्या जात नाहीत, एक माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्ची तशीच राहते आणि त्याचे तास आमच्यासारख्या तिघांत वाटले जातात. बुरेटवाल्यांचे सर बाटली उजेडात धरून बघायचे कारण ते चार वाजेपर्यंत त्या लॅबमध्येच असायचे हो. मला सव्वाबाराला गाडीला किक मारायची असते. वीस पोरांची बॅच, मी बुरेट बघू का घड्याळ? मीही सह्या करतो. ९.८, ९.८, ९.८. करतो मी सही. लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

आता नवीन शैक्षणिक धोरणाचं. कागदावर वाईट नाही. एमएस्सीच्या दुसऱ्या सेमला चार क्रेडिटचं ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग नाहीतर फील्ड प्रोजेक्ट, एका क्रेडिटला तीस तास म्हणजे एकशेवीस तास. डिग्रीलाही तसंच आलंय. पण आमच्या तालुक्यात आहे काय? एक जिनिंग, दोन पतसंस्था, मेडिकल, झेरॉक्स सेंटर. साठ पोरं कुठे पाठवू? मग सर्टिफिकेट येतात, सगळ्यांचा मजकूर एकच, फक्त नाव बदललेलं, एकदा तर नावही नव्हतं बदललेलं, मुलीच्या सर्टिफिकेटवर वर्गातल्याच मुलाचं नाव.

तरी मागच्या वर्षी सहा जणांना कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षणाला चिकटवलं, ओळखीने. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचे, ही पोरं वाळवायची, चाळायची, सामू काढायची, आणि मग रिपोर्ट शेतकऱ्याला समजावून सांगायचा. तो शेवटचा भाग महत्त्वाचा. एक मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही, ती एका आजोबांना सांगत होती की आजोबा युरिया कमी टाका, जमिनीला नकोय तो. परत आली ती वेगळीच होऊन. म्हणजे होतं. पण सहा जणांचं होतं, साठातल्या.

चिकित्सक_चिंगी

@गडद_शाई, सही करतो हे लिहिलंत त्याबद्दल आदर. मी मटका म्हणाले तो हाच. आधी निदान दर वर्गाला एखादा आकडा तरी लागायचा.

पेठेतला_माजी

डिग्री मला फक्त तिकीट म्हणून लागली, एमपीएससीला कुठलीही पदवी चालते ना. २०११ ते २०१७ सदाशिव पेठ. अभ्यासिकेतली खुर्ची, मेसचा डबा, रात्री चौकात चहा आणि कटऑफची चर्चा. दोनदा मुख्य, एकदा मुलाखत, नाही झालं. गावी जाऊन सांगायचं काय. वय एकोणतीस, अनुभव शून्य, रेझ्युमेत सहा वर्षांचं भगदाड.

तेव्हा कुणीतरी सांगितलं भूगोलात बीए आहेस तर विद्यापीठात जिओइन्फर्मॅटिक्स कर. गेलो. घाबरत गेलो की वयाचं विचारतील. खिडकीवरच्या बाईंनी फक्त विचारलं, मायग्रेशन आणलंय का? बास. एकोणतिसाव्या वर्षी वर्गात बसलो, शेजारी एकवीसची पोरं. आज धरणांच्या आणि पाणलोटाच्या नकाशांचं काम करतो. करिअर लांब पल्ल्याचं म्हणताय तर हे बघा की मधेच गाडी घसरली तर परत चढायला फाटक कुठे आहे. कंपनीने तिशीत परत घेतलं नसतं. खासगीची फी तेव्हा भरणं शक्यच नव्हतं.

माझ्या मावशीचंही तसंच, दहावीनंतर लग्न, पुढे चाळिशीत नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून बीए केलं. ज्ञानगंगा घरोघरी म्हणतात ते त्यांचं ब्रीद, तर मावशीच्या घरी ती गंगा स्वयंपाकघराच्या ओट्यावर यायची, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. अंगणवाडीत मुख्य सेविका झाली त्या डिग्रीवर.

टोरांटोची_सून

हे सगळं वाचून एक अगदी रुक्ष मुद्दा लिहिते, कारण यात माझे सात महिने गेलेत. डिग्री झाली की लगेच कॉन्व्होकेशनचा फॉर्म भरा आणि ट्रान्सस्क्रिप्टचे (सगळ्या सेमच्या गुणांचा विद्यापीठाचा दाखला) चार-पाच संच काढून ठेवा. लगेच म्हणजे लगेच. इथे कॅनडात नोकरी-इमिग्रेशनसाठी डब्ल्यूईएस नावाच्या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यांकन लागलं, माझ्या वेळी विद्यापीठाने सही-शिक्का मारलेलं बंद पाकीट पाठवायचं होतं. डिग्रीनंतर अकरा वर्षांनी बाबा परीक्षा विभागाच्या खिडकीवर. पहिल्या खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला लेजर सापडेना, तिसऱ्या खेपेला दुसऱ्या सेमची मार्कशीट हवी, जी मी घर बदलताना हरवलेली. विद्यापीठाचं नाव घेत नाही, सगळीकडे थोडंफार असंच.

शिक्षण चांगलं होतं, तक्रार नाही. पण लांब पल्ल्याचं करिअर असतं तसं लांब पल्ल्याचं रेकॉर्डही असतं. आता डिजिलॉकर आणि क्रेडिट बँक आलीय, पोरांनी आपले क्रेडिट तिथे खरंच चढलेत का ते दर सेमला बघावं, तिसऱ्या वर्षाअखेरीस नाही.

एचआर_आहे_शिव्या_घाला

नावातच सगळं आलं. चौदा वर्षं भरतीचं काम. दाजींना दोन गोष्टी सांगा.

एक, सुरुवातीची चाळणी क्रूर असते आणि त्यात सरकारीवाले मार खातात हे खोटं नाही. साठ टक्के थ्रूआउट, एटीकेटी नको, आणि निकाल जॉइनिंगच्या तारखेआधी हातात. एका पोराची ऑफर माझ्या डोळ्यांसमोर गेली, का तर विद्यापीठाचा निकाल लागला नव्हता. मुलगा हुशार, काही करू शकले नाही. पण पाच-सहा वर्षांनंतर कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही, काय काम केलं ते विचारतात, आणि इथे खासगीचा पावणेदोन लाखांचा गुळगुळीतपणा उतरतो.

दुसरं, "असिस्टन्स" हा शब्द तुम्ही बरोबर पकडलात. त्यांना विचारा की मागच्या बॅचमधल्या केमिस्ट्रीच्या किती पोरांना केमिस्ट्रीचं काम मिळालं. बँकेची क्रेडिट कार्डं विकणंही त्यांच्या ब्रोशरमध्ये प्लेसमेंटच असते.

आणि एक वाट लोक विसरतात, अप्रेंटिसशिप. एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर पदवीधर नोंदणी करू शकतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला किमान ९००० रुपये महिना विद्यावेतन ठरवलं आणि त्या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे कंपन्या घेतात. पैसे थोडे आहेत, पण एक वर्ष खऱ्या कारखान्यात काढलेला पोरगा मुलाखतीत खुर्चीवर बसतो तोच वेगळा बसतो.

खानदेशी_पाइप

जळगावकर हजर. आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी) केमिकल टेक्नॉलॉजीचं इन्स्टिट्यूट आहे, तिथे प्लॅस्टिक, तेल, पेंट असले विषय. का? कारण जळगावात पीव्हीसी पाइप, चटया, ठिबक, सगळं प्लॅस्टिकच. मी प्लॅस्टिकवाला. माटुंग्यावाल्यांना गिरण्या दिसत होत्या, आम्हाला पाइप दिसत होते. इतकंच सांगायचं होतं, लोड शेडिंग सुरू होतंय.

गप्प_बसा

पॉपकॉर्न संपले. @बुरेटवाला, भाच्याचं काय ठरलं ते सांगा, धागा टांगून पळू नका.

बुरेटवाला

आलो आलो. सगळ्यांचे आभार, दाजींना मोबाइलवर वाचायला दिलं, त्यांनी तात्यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि काही बोलले नाहीत.

रविवारी नाही, मुद्दाम मंगळवारी, भाच्याला घेऊन दोन्हीकडे गेलो. आधी खासगीत. एसी हॉल, कोल्ड कॉफी, समुपदेशक म्हणून एक मुलगी, फार गोड बोलली, भाच्याला लॅपटॉपची बॅगसुद्धा दाखवली जी ॲडमिशन घेतल्यावर मिळते. मी म्हणालो लॅब बघू. लॅब होती, स्वच्छ, इतकी स्वच्छ की बेसिनवर एक डाग नाही. बुरेट पेटीतच होत्या, स्टिकरसकट. कोण शिकवतं विचारलं तर म्हणाली फॅकल्टी लवकरच जॉइन होतेय.

मग विद्यापीठात. विभागाच्या दारात बूट काढायला लावले, का ते कळलं नाही. भिंतीला ओल. एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) दोन, एक चालू, दुसऱ्यावर चादर आणि चादरीवर कुणाचातरी डबा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती ते मी गडद_शाईंमुळे विचारलं, क्लार्कने आधी माझ्याकडे बघितलं, मग बोटांवर मोजलं. आकडा लिहीत नाही, डबेवाल्या एचपीएलसीसारखाच आहे. पण चालू मशीनवर एक पीएचडीची मुलगी बसली होती. भाचा तिच्याजवळ गेला आणि वीस मिनिटं आलाच नाही. तिने त्याला काय काय सांगितलं, कोणते सर वर्गात येतात, कोणते येत नाहीत, ओजेटीला कुठल्या कंपनीचं पत्र आधी मिळवून ठेवायचं, आणि कॉलम कसा धुतात तेसुद्धा करून दाखवलं. तो बाहेर आला तेव्हा बोटांना वास येत होता आणि स्वतःच म्हणाला, मामा इथे करतो.

प्रवेश परीक्षा झाली, यादीत नाव आलंय, चौदावा. दाजी फुगलेत पण फी त्यांनीच भरली. एनएटीएसचं एमएस्सीनंतर बघू, ट्रान्सस्क्रिप्टचं आत्ताच वहीत लिहून दिलंय.

हॉस्टेलच्या पहिल्या यादीत मात्र नाव नाही, दुसरी कधी लागेल सांगता येत नाही म्हणतात. कॅम्पसच्या मागच्या गेटजवळ कॉट बेसिसवर खोली कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि करा, मेस धरून साडेचार हजारांपर्यंत चालेल. आणि तात्या, अकरा जणांची असली तरी चालेल.